कर्नल साईक्सची वही

पावसाळा लागला की आपल्या होस्टेलमध्ये दोनच विषय चालतात. एक सबमिशन आणि दुसरा हरिश्चंद्रगड. राजुरीत राहून हरिश्चंद्रगड केला नाही असा मुलगा शोधून सापडायचा नाही. आळेफाट्याहून ओतूर, पुढे माळशेजच्या रस्त्याला खुबी फाट्यावर उतरायचं, खिरेश्वरातून टोलार खिंड चढायची आणि भिजत भिजत कोकणकडा गाठायचा. मीही गेलो. कड्यावर पोचलो तेव्हा समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. बरोबरच्या सिनियरने माहिती पुरवली, की 1835 साली कर्नल साईक्स नावाच्या इंग्रजाला इथेच गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं. आम्ही अर्धा तास वाट पाहिली. काही दिसलं नाही. मॅगी खाल्ली आणि परत आलो.

विषय तिथेच संपला असता. पण त्याच आठवड्यात सर्व्हेइंगचं जर्नल पुरं करायचं होतं. खरं सांगतो, लेव्हलिंगची निम्मी रीडिंग मी मैदानावर घेतलीच नव्हती. पाऊस होता, त्याहून जास्त कंटाळा होता. शेवटचा आर.एल. माहीत होता, त्यावरून उलटं गणित केलं आणि रूमवर कॉटवर बसून सगळे बी.एस., एफ.एस. भरून टाकले. चेक इतका छान जुळला की खऱ्या रीडिंगचा तसा कधी जुळत नाही. यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच.

पुढे एकदा सहज म्हणून त्या कर्नलबद्दल वाचायला घेतलं, आणि पहिल्यांदा हाती लागलं ते असं, की 1835 साली साईक्स भारतात नव्हताच! 1831 सालीच तो इंग्लंडला परत गेला होता. मग 1835 साली कोकणकड्यावर कोण उभं होतं? या एका प्रश्नामागे जाता जाता मला त्या माणसाचं सगळं आयुष्य सापडलं. ते आपल्या भागाशी इतकं जोडलेलं आहे की इथे सांगावंसं वाटलं.

विल्यम हेन्री साईक्स याचा जन्म 25 जानेवारी 1790 चा, यॉर्कशायरमधल्या एका घराण्यातला. वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे आपण आठवीत असतो त्या वयात, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत कॅडेट म्हणून त्याची निवड झाली. 1805 साली लॉर्ड लेकने भरतपूरला वेढा घातला त्यात हा पोरगा होता. 1810 पर्यंत त्याने हिंदुस्तानी आणि मराठी या दोन भाषांची दुभाषाची परीक्षा दिली होती. ही मराठी त्याला पुढे किती उपयोगी पडली ते येईलच.

आता एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती लपवून चरित्र लिहिणं बरोबर नाही. साईक्स आपल्याकडे पाखरं बघायला आला नव्हता. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, त्यात तो कंपनीच्या बाजूने देशी शिपायांचं नेतृत्व करत होता. त्यानंतर पुण्याच्या लढाईत आणि काही डोंगरी किल्ले घेण्यातही त्याचा भाग होता. पेशवाई बुडाली, मुलूख कंपनीकडे गेला, आणि या मुलखात नेमकं आहे तरी काय याची मोजदाद करायची वेळ आली.

1820 ते 1824 अशी चार वर्षं साईक्स युरोपात फिरत होता. परत आल्यावर गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याची मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर म्हणून नेमणूक केली. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, जमीन कोणाची, मिरासदार कोण, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क काय, बारा बलुतेदारांना काय मिळतं, हे सगळं लिहून काढायचं काम. मुलूख म्हणजे दख्खन: पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), खानदेश आणि धारवाड. साधन म्हणजे घोडा, तंबू, काही माणसं आणि वही.

सरकारने एवढंच सांगितलं होतं. पण साईक्सची वही इथे थांबली नाही. गावाची माणसं मोजता मोजता त्याने गावाबाहेरची पाखरं लिहिली, नदीतले मासे लिहिले, दगडाचे थर लिहिले, हवेचा दाब लिहिला, लेण्यांतली अक्षरं उतरवून घेतली. त्याचा हुद्दा फौजेतला, काम कारकुनाचं आणि हाताला सवय निसर्ग-अभ्यासकाची. हजारो मैलांवरून आलेल्या त्या माणसाला आपला मुलूख परका होता, आणि म्हणूनच की काय, आपण रोज बघून न बघितल्यासारखं करतो ते त्याला दिसलं.

उदाहरणं देतो. जंगली कुत्र्याला आपल्याकडे कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात. साईक्सने 1831 साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं तेव्हा त्याला नाव दिलं कॅनिस दुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा कुत्रा, आणि कोळसून हे मराठी नावही बरोबर नोंदवलं. 1832 साली त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. तिच्यात सुमारे 236 जाती होत्या आणि त्यातल्या 50 हून जास्त शास्त्राला नवीन होत्या. पाणवठ्याकाठी मान आत ओढून बसलेला तो मातकट बगळा, ज्याला आपण वंचक किंवा ढोकरी म्हणतो आणि जो उडाला की एकदम पांढरा दिसतो, त्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा साईक्सचं. झुडपात शेपटी उडवत ओरडणारा राखी वटवट्या, त्याचंही. सातभाईच्या एका मोठ्या जातीला त्याने गव्हर्नर जॉन माल्कमचं नाव दिलं. एका रातव्याच्या नावात त्याने मराठ्यांचं नाव घातलं, माहरात्तेन्सिस. आपल्या माळावर दिसणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलाला त्याने देवा असं नाव दिलं. इंग्रजीत त्या चंडोलाला आज साईक्सचा चंडोलच म्हणतात.

माशांची गोष्ट तर याहून मजेची. 1838 साली त्याने दख्खनच्या माशांवर निबंध वाचला. मुळा-मुठा, भीमा आणि त्यांना मिळणाऱ्या नद्यांतले चाळीसहून जास्त मासे त्यात आहेत. आपली कुकडी घोडला मिळते आणि घोड भीमेला, म्हणजे हे सगळं आपलंच पाणी. नवीन माशाला लॅटिन नाव द्यायची वेळ आली की साहेब लोक सहसा ग्रीक-लॅटिन शब्द शोधायचे, नाहीतर एखाद्या मित्राचं नाव द्यायचे. साईक्सनेही काही ठिकाणी तसं केलं. पण कितीतरी ठिकाणी त्याने मासे धरणाऱ्याने सांगितलेलं नावच सरळ उचललं. दख्खनचा महाशीर आज जगभर टोर खुद्री म्हणून ओळखला जातो. शिंगाळा हा मासा स्पेराटा सिंघाला झाला. नाकावर टेंगूळ असलेला एक मासा नुक्ता झाला. कोळस, फुलंगी, ताकरी, सांडखोल, रोहटी ही सगळी नावं शास्त्राच्या ग्रंथात जशीच्या तशी बसली. जपानमधला किंवा ब्राझीलमधला मत्स्यशास्त्रज्ञ आजही नुक्ता म्हणतो तेव्हा तो नकळत नदीकाठचं मराठी बोलत असतो. त्या मराठीच्या परीक्षेचा उपयोग झाला तो असा.

रेशमाचंही एक उदाहरण आहे. जंगलात मिळणाऱ्या रेशमाच्या किड्यावर, ज्याला दख्खनमध्ये कोलिसुरा म्हणत, त्याने निबंध लिहिला. त्याने पाहिलं की मराठे लोक या किड्याचा चिवट कोश गोल कापून त्याची वादी करतात आणि तिने बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला बांधतात. मटेरियल सायन्सच्या तासाला हे उदाहरण कोणी दिलं तर मला फार आवडेल.

जुन्नरशी त्याचा संबंध लेण्यांमुळे. जुन्नरच्या लेण्यांतल्या भिंतींवरचे शिलालेख त्याने उतरवून घेतले आणि पत्रासोबत जॉन माल्कमला पाठवले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ते 1837 च्या सुमाराला छापले गेले. गंमत बघा, ही ब्राह्मी अक्षरं जेम्स प्रिन्सेपने पूर्ण उलगडली ती 1837 साली. म्हणजे साईक्स भिंतीपुढे उभा होता तेव्हा ती कोणालाच नीट वाचता येत नव्हती. अर्थ कळत नसताना त्याने रेघ न् रेघ काढून घेतली. आपल्याला वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी, असं त्याने धरलं नाही. नंतर येणारा कोणीतरी वाचेल, आपण उतरवून ठेवायचं.

आता हवामान. आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना साईक्स सगळ्यात जवळचा वाटेल तो इथे. त्याच्याकडे पाऱ्याचे बॅरोमीटर होते. सूर्योदयाच्या सुमाराला, सकाळी नऊ-दहाला, दुपारी चार-पाचला आणि रात्री दहा-अकराला तो रीडिंग घ्यायचा. तळ हलला, गाव बदललं, तरी घ्यायचा. त्यातून दिसलं असं, की दख्खनमध्ये हवेचा दाब समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमाराला चढ, दुपारी चारच्या सुमाराला उतार, रात्री पुन्हा चढ, पहाटे पुन्हा उतार. पारा हलतो तो फार तर दोन-तीन मिलिमीटर. तेवढ्या फरकासाठी हा माणूस वर्षानुवर्षं त्या काचेच्या नळीत डोकावत राहिला. यामागचं कारण आज आपल्याला माहीत आहे. उन्हाने वातावरणातली वाफ आणि ओझोन तापतात, त्यामुळे सबंध वातावरणात एक लाट उठते आणि ती सूर्यामागोमाग पृथ्वीभोवती फिरते. साईक्सला कारण माहीत नव्हतं. त्याच्याकडे फक्त आकडे होते, पण ते खरे होते.

बॅरोमीटर डोंगरात नेला की फुटायचा. यावर त्याचा उपाय अगदी आपल्या होस्टेलला शोभेल असा होता. साधा थर्मामीटर आणि एक भांडं घ्यायचं, पाणी उकळायचं आणि ते किती अंशाला उकळतं ते बघायचं. जसजसं उंच जावं तसतसं पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण 300 मीटरला एक अंश सेल्सिअस कमी. त्यावरून डोंगराची उंची काढायची. या पद्धतीवरचा त्याचा लेख लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात 1838 साली आला. महागडं उपकरण नसलेल्या प्रवाशालाही काम करता यावं, हा त्यामागचा हेतू.

आता त्या गोल इंद्रधनुष्याकडे येतो. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा मोठा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने 1835 साली छापला. लोकांनी छापल्याचं साल घेतलं आणि तेच पाहिल्याचं साल केलं. आमच्या सिनियरचाच दोष नाही, कितीतरी ठिकाणी तसंच लिहिलेलं आहे. प्रत्यक्ष पाहिलं ते 1831 च्या आधी, तो इथे हिंडत होता तेव्हा.

निबंधात त्याने सांगितलं आहे ते थोडक्यात असं. कोकणातून वर आलेलं धुकं कड्याच्या काठापर्यंत चढून उभं होतं, पठारावर येत नव्हतं. साईक्स काठावर होता, त्याच्या पाठीमागे सूर्य अगदी खाली होता आणि आभाळ स्वच्छ होतं. समोर धुक्याच्या भिंतीवर इंद्रधनुष्याचं पूर्ण कडं उमटलं, निम्मं त्याच्या पायाच्या पातळीच्या वर, निम्मं खाली. कड्याचा व्यास त्याच्या अंदाजाने पन्नास-साठ फुटांहून जास्त नसावा. आणि कड्याच्या मधोमध, चौकटीत चित्र बसवावं तशा, त्याच्या, त्याच्या घोड्याच्या आणि बरोबरच्या माणसांच्या सावल्या. बारीक थेंबांच्या धुक्यातून प्रकाश उलट फिरून येताना असं रंगीत कडं तयार होतं. शास्त्रात ग्लोरी आणि आपल्याकडच्या ट्रेकरांच्या बोलीत इंद्रवज्र म्हणतात, ते याच कुळातलं.

पण मला यात कड्याहून महत्त्वाची वाटली ती बरोबरची माणसं. त्या आपल्याच सावल्या आहेत हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी हात हलवले, पाय झाडले, अंग वाकडंतिकडं करून बघितलं, आणि समोरच्या आकृत्या तसंच करतात का ते तपासलं. साईक्सने याची नोंद करताना त्यांच्या मनातल्या भोळ्या भीतीचा उल्लेख केला आहे. मला मात्र वाटतं, तो भोळेपणा नव्हता, तो प्रयोग होता! इनपुट बदललं, आउटपुट बघितलं, मग विश्वास ठेवला. त्या सकाळी कोकणकड्यावर निरीक्षण साहेबाने केलं आणि प्रयोग त्याच्या नोकरांनी.

त्यांची नावं साईक्सच्या निबंधात नाहीत. खुद्री हे नाव सांगणारा कोण, कोळसून दाखवणारा कोण, बॅरोमीटरची नळी पाठीवर घेऊन कडा चढणारा कोण, यातलं एकही नाव शास्त्राच्या ग्रंथात गेलं नाही. माल्कम साहेबाचं नाव सातभाईला मिळालं. शब्द आपला राहिला, माणूस राहिला नाही. साईक्सची वही मला फार मोठी वाटते, पण तिच्यातला हा कोरा रकाना डोळ्यांआड करता येत नाही.

डिसेंबर 1829 मध्ये सरकारने स्टॅटिस्टिकल रिपोर्टरची जागाच रद्द केली. खर्चकपात. काम अर्धवट होतं. दुसरा कोणी असता तर कागद बांधून ठेवले असते आणि पलटणीत परत गेला असता. साईक्सने रजा घेतली आणि त्या पदाचा पगार नसताना, कोणाची सही मिळायची नसताना, जानेवारी 1831 पर्यंत बसून अहवाल पुरा केला. मग तो मायदेशी गेला.

याच सुमाराला पुणे जिल्ह्यात दुसरीही एक मोजणी चालली होती. ती प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची. प्रत्येक शेताचा निव्वळ नफा काढून त्यावर सारा बसवायचा, अशी त्याची योजना. कागदावर अतिशय शास्त्रशुद्ध. पण मोजणी सदोष झाली, खालच्या कामगारांनी पैसे खाऊन आकडे फिरवले आणि सारा भलताच जड बसला. शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या, गावं ओस पडली. काही वर्षांतच सरकारला ती पद्धत गुंडाळावी लागली आणि 1830 च्या दशकाच्या मध्यात इंदापुरापासून नव्याने पाहणी सुरू करावी लागली. हे वाचलं तेव्हा मला माझं जर्नल आठवलं. माझ्या खोट्या आर.एल.मुळे कोणाची जमीन गेली नाही, कारण त्यावर कोणी काही बांधलं नाही. पण चार वर्षांनी माझ्याच सहीच्या लेव्हलवर कोणीतरी कालवा काढील, पाइपलाइन टाकील. तेव्हा पाणी चेक जुळलाय का ते विचारणार नाही, ते उताराकडेच जाईल.

साईक्सचं पुढचं आयुष्य लंडनमध्ये गेलं. 1833 साली तो कर्नल म्हणून फौजेतून निवृत्त झाला. 1834 साली रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं आणि त्याच वर्षी लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. पुढे तो तिचा अध्यक्षही झाला. 1847 साली त्याने कंपनीच्या फौजेतल्या गोऱ्या आणि देशी शिपायांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडली. 1840 पासून तो कंपनीच्या संचालक मंडळात होता आणि 1856 साली अध्यक्ष झाला. 1857 चा उठाव झाला आणि वर्षभरात कंपनीचं राज्य संपलं, तेव्हा कंपनीच्या अगदी वरच्या खुर्च्यांपैकी एकीवर बसलेला माणूस म्हणजे आपल्या डोंगरांत पाणी उकळून उंची मोजणारा हाच साईक्स. त्याच वर्षी तो ॲबर्डीनहून पार्लमेंटवर निवडून गेला आणि मरेपर्यंत खासदार राहिला.

या सगळ्या मानमरातबात त्याची हवेची ओढ मात्र गेली नाही. डोंगरावर जाऊन मोजता येतं, तर डोंगराच्या वर जाऊन का मोजू नये? बलूनमधून उपकरणं वर न्यावीत म्हणून तो ब्रिटिश असोसिएशनमध्ये वर्षानुवर्षं मागे लागला होता. 1852 साली जॉन वेल्शने अशी चार उड्डाणं केली. 1862 साली जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल बलूनमधून इतके वर गेले की विरळ हवेने ग्लेशर बेशुद्ध पडला आणि थंडीने हात बधिर झालेल्या कॉक्सवेलने दोरी दातांनी ओढून बलून खाली आणला. हे काम ज्या समितीने करवलं तिच्या अध्यक्षपदी कर्नल साईक्स होता, वय वर्षं 72. त्यानंतर दहा वर्षांनी, 16 जून 1872 रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं.

मित्रांनो, चरित्र इथे संपलं. आता थोडं माझं.

परवाच्या ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर मी आणि रूममेटने ठरवलं, की साईक्सचं म्हणणं राजुरीत तपासून बघायचं. काही मोबाइलमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर असतो, रूममेटच्या होता. एक शंभर पानी वही घेतली, रकाने आखले. दहा दिवस, रोज चार वेळा, होस्टेलच्या एकाच खिडकीत मोबाइल ठेवून रीडिंग. सकाळी दहाचं रूममेटने सांभाळलं, दुपारी चारचं आणि रात्री दहाचं मी. अडचण पहाटे चारची. पहिल्या दिवशी अलार्म लावून उठलो, दुसऱ्या दिवशी झोपून राहिलो. तेव्हा आपले वॉचमनकाका म्हणाले, की मी जागाच असतो, मला दाखवा कसं बघायचं ते, मी लिहून ठेवीन. त्यांनी एकही पहाट चुकवली नाही. उलट एकदा त्यांनीच मला विचारलं, की पोरांनो, हा आकडा रोज पहाटे उतरतो आणि तुमचा सकाळचा वर जातो, असं का? दुखरा प्रश्न होता, कारण तोवर आम्ही दोघांनी आकडे नुसते भरले होते, बघितले नव्हते.

दहा दिवसांनी आलेख काढला. दोन चढ, दोन उतार, रोज. सकाळी दहा आणि दुपारी चार यांत साधारण तीन मिलिबारचा फरक. दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने तंबूत बसून पाऱ्याच्या नळीत पाहिलं होतं तेच आपल्या होस्टेलच्या खिडकीत उमटलं. इतकं बरं वाटलं की काय सांगू. सर्व्हेइंगच्या त्या जर्नलवर सही मिळाली तेव्हा याच्या दहावा हिस्साही वाटलं नव्हतं.

आमच्या वहीत दुसऱ्या दिवसाची पहाट रिकामी आहे. आजूबाजूचे आकडे बघून ती सहज भरता आली असती, आणि कोणाला कळलंही नसतं. ती आम्ही तशीच ठेवली आहे. आणि शेवटच्या रकान्याला मथळा दिला आहे: रीडिंग कोणी घेतलं. तिथे आठ ठिकाणी वॉचमनकाकांचं नाव आहे, आडनावासकट, त्यांच्याच अक्षरात.

वही लायब्ररीत ठेवली आहे. पुढची पानं कोरी आहेत. ज्याला हवं त्याने रीडिंग घ्यावं आणि नाव लिहावं.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी